कालिम्पाँगची थंडी आणि नावेची फुलं

कालिम्पाँगला जाताना मी नागपूरहून संत्र्यांची करंडी नेली. दोन रात्री ती आगगाडीत उशाशी सांभाळली, सिलिगुडीहून जीपमध्ये मांडीवर घेतली. तिस्ता नदी ओलांडून चढ सुरू झाला आणि पाहतो तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना संत्र्यांची झाडं! हंगाम संपत आला होता, तरी उरलेली फळं पानाआडून पिवळीधमक दिसत होती. शेजारच्या प्रवाशाने माझ्या करंडीकडे पाहिलं, झाडांकडे पाहिलं आणि तोंड दुसरीकडे फिरवून हसला.

आपल्यापैकी बहुतेकांनी हिमालय पाहिलेला नाही. मीही पाहिला नव्हता. आमच्या घरातून उमरेडच्या पलीकडे फारसं कोणी गेलेलं नाही. त्यामुळे जे दिसलं ते सरळ सांगतो. मी विद्वान नाही, कृषी महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी आहे, आणि गेलो होतो तो एका फुलासाठी.

त्या फुलाचं शास्त्रीय नाव सिंबिडियम. इंग्रजीत त्याला ‘बोट ऑर्किड’ म्हणतात, कारण पाच पाकळ्यांच्या मधोमध जी सहावी पाकळी असते ती होडीसारखी खोलगट असते. मी त्याला नावेचं फूल म्हणेन. आमच्या उद्यानविद्येच्या सरांनी कलकत्त्याच्या एका प्रदर्शनात ते पाहिलं आणि तेव्हापासून त्यांना दुसरं काही सुचेना. एका दांडीवर पंधरा-वीस फुलं, झाडावर दीड-दोन महिने टिकणारी, तोडून पाण्यात ठेवली तरी तीन आठवडे ताजी. गुलाब तीन दिवसांत मान टाकतो, शेवंती आठवड्यात. सरांच्या डोक्यात एक काचघर उभं राहिलं. नागपूरच्या उन्हाळ्याला अडवायला त्याला चारी बाजूंनी वाळ्याचे पडदे, वरून पाणी. आत नावेची फुलं आणि ती विमानाने मुंबईला.

“तू जा,” सर म्हणाले. “तीन आठवडे राहा. सगळं बघ. ही फुलं नागपुरात येतील की नाही, एवढं मला लिहून दे. आलीच, तर काचघराला एक मदतनीस लागेल. तो तूच.”

तांडापेठेत आमचं घर. बाबा हातमागावर लुगडी विणतात, आई मागासाठी सुताच्या कांड्या भरते. कॉलेजात गेलेला मी घरातला पहिला. त्या दिवशी जेवताना मी नोकरीचं सांगितलं तेव्हा आईचा हात भाकरीवर तसाच थांबला. म्हणजे मला तिथे जाऊन ‘होय’ आणायचं होतं. असं कोणी म्हटलं नव्हतं, पण मला ते ठाऊक होतं.

निघताना बाबा एवढंच म्हणाले, “तिथं जे दिसन ते सांगजो. जे नाही दिसलं ते आपल्या मनानं नको लावजो गा.”

आमांची बाग

कालिम्पाँग बाजाराच्या खाली, उतारावर पायऱ्या-पायऱ्यांनी उतरत गेलेली ती बाग. मालकीण साठीच्या. सगळे त्यांना ‘आमा’ म्हणत, म्हणजे आई. माहेर भूतानचं, सासर नेपाळी. यजमान वारल्यावर बाग त्यांनीच सांभाळली. हाताखाली बिर्खे नावाचा माळी. त्याला सगळे दाजू म्हणत, म्हणजे दादा.

मी वाकून नमस्कार केला आणि करंडी पुढे केली. आमांनी वरचं गवत बाजूला सारलं आणि त्या इतक्या मोठ्याने हसल्या की दाजू झारी टाकून धावत आला.

“देख बिर्खे! बाबु हजार कोस से सुंतला लेके आया!”

सुंतला म्हणजे संत्रं. दाजूने एक सोललं, चाखलं आणि गंभीरपणे निकाल दिला, “मीठा कम है. लेकिन दूर से आया है, खाना पड़ेगा.”

मला राग आला. नागपूरच्या संत्र्याबद्दल असं! पण दुसऱ्या दिवशी पाहिलं तर करंडी निम्मी झाली होती आणि दाजूच्या खिशात सालं होती.

त्या रात्री जेवायला भात, गुंद्रुकचा रस्सा आणि एका वाटीत लाल गोल मिरच्या. गुंद्रुक म्हणजे मोहरीचा पाला आंबवून वाळवलेला. आपल्याकडे हरभऱ्याचा पाला वाळवून ठेवतात त्याची आठवण झाली, फक्त हा आंबट. मिरची बोराएवढी. आमा म्हणाल्या, “थोड़ा-थोड़ा.” मी म्हणालो, “आमा, मैं नागपुर का हूँ. हमारे यहाँ का रस्सा खाके लोग रोते हैं.” आणि अख्खी मिरची तोंडात टाकली.

पुढचं फार सांगत नाही. दाजूने पाण्याचा तांब्या आणला, आमांनी तो हिसकावून ताक दिलं. मी भिंतीकडे तोंड करून बसलो. मागून दाजूचा आवाज आला, “नागपुर का रस्सा याद आ रहा है?”

बाटलीतली रोपं आणि आमच्या घरची गाठ

पहिल्या आठवड्यात मी बरंच शिकलो.

नावेच्या फुलाला माती नको. कुंडीत झाडाची साल, नेच्याची मुळं, विटेचे तुकडे. पाणी घातलं की लगेच वाहून गेलं पाहिजे. बुडाशी कांद्यासारखे फुगीर गड्डे असतात. जुन्या गड्ड्याची पानं झडून तो बोडका होतो. मी असे बोडके गड्डे मेलेले समजून कचऱ्यात टाकले. दाजूने ते एकेक वेचून परत आणले. त्यांनाच नवा कोंब फुटतो, वाण जसाच्या तसा राहतो. बियांचं मात्र तसं नाही. बी म्हणजे नुसती भुकटी. काचेच्या बाटलीत साखर घातलेल्या चिकट खळीवर ते रुजवतात, आणि पहिलं फूल यायला पाच-सात वर्षं लागतात. आमांच्या बागेतल्या मोठाल्या संकरित फुलांचे पूर्वज याच डोंगरातले. साहेब लोकांनी ते जहाजाने विलायतेला नेले, काचघरात एकमेकांशी जुळवले, आणि आता त्यांची पोरं-नातवंडं इथे परत आली आहेत. आमा म्हणायच्या, “हमारी ही बेटी, मेम बनके लौटी.”

माझा तिथे थोडाफार उपयोग झाला तो एका गाठीमुळे. फुलांची दांडी जड होते, तिला बांबूच्या काडीचा आधार द्यावा लागतो. दाजू सुतळीने बांधायचा. दांडी वाढली की सुतळी रुतायची. मागावर धागा तुटला की जोडायला आमच्या घरी एक गाठ मारतात. तीच थोडी फिरवून मी सैल फास केला. देठाला आवळत नाही, काडीवरून घसरत नाही आणि एक टोक ओढलं की सुटते. दाजूने ती तीनदा सोडून पाहिली. मग सुतळीचा गुंडा माझ्या हातात दिला आणि स्वतः बिडी ओढायला गेला. त्या दिवसापासून बांधायचं काम माझं. घरून निघाल्यापासून पहिल्यांदा मला वाटलं की आपल्याला काहीतरी येतं.

त्या भरातच मी पुढची चूक केली.

पाच कुंड्या

माघाची थंडी होती. सरांनी दिलेला तापमापक मी रोज सकाळी बघत होतो. पारा पाच-सहावर यायचा. मी आईने दिलेली शाल, त्यावर आमांचं घोंगडं, असा गुंडाळून झोपायचो, आणि कळ्यांनी भरलेल्या कुंड्या मात्र नुसत्या जाळीच्या छपराखाली!

आपल्याकडे थंडीची लाट आली की संत्र्याच्या बागेत शेतकरी शेकोट्या पेटवून धूर करतात. झाडाला ऊब द्यायची, हे मी लहानपणापासून पाहिलेलं. पुस्तकातही वाचलेलं. मी ठरवलं की पाच कुंड्यांवर प्रयोग करायचा. त्या फुलल्या की सरांना दाखवायला पुरावा होईल. कोणाला न विचारता, दिवस मावळला की त्या कुंड्या मी स्वयंपाकघरामागच्या खोलीत नेऊन चुलीच्या भिंतीला लावायचो आणि उजाडायच्या आत जागेवर ठेवायचो. चार दिवस हे चाललं. मला स्वतःचं कौतुक वाटत होतं.

पाचव्या सकाळी दाजूची हाक आली. पाचही कुंड्यांतल्या दांड्यांच्या वरच्या कळ्या पिवळ्या पडल्या होत्या. बोट लावलं की गळत होत्या. शेजारच्या कुंड्या, थंडीत राहिलेल्या, टवटवीत.

“कीड़ा नहीं है,” दाजू कळी फोडून बघत म्हणाला. “आमा, यह गरमी का काम है.”

आमा माझ्याकडे बघत नव्हत्या, तरी मला राहवलं नाही. मी सगळं सांगितलं. बोलताना माझी हिंदी अडखळत होती, मधेच मराठी येत होती.

आमांनी ऐकून घेतलं. “तुमको ठंड लगी, तो तुमने समझा इसको भी लगी?”

“हो... जी.”

“बाबु, इसको ठंडी चाहिए. भादव में जब रात को हमारी शाल निकलती है, तब इसके पेट में डंडी बनती है. फिर फूल खुलने तक हर रात ठंडी. जिस साल शाल देर से निकली, उस साल पत्ते ही पत्ते.”

मी विचारलं, “अजिबात? एकही फूल नाही?”

“पत्ते खाओ,” दाजू मागून म्हणाला.

आमांनी कात्री आणली आणि पाचही दांड्या माझ्याच हातून कापवल्या. खालच्या अर्ध्या कळ्या अजून हिरव्या होत्या. त्या त्यांनी पदरात घेतल्या. दुपारी जेवायला बसलो तर ताटात याकच्या दुधाच्या चीजमध्ये शिजवलेल्या कळ्या. त्यांच्या माहेरी भूतानमध्ये नावेच्या फुलांच्या कळ्यांची भाजी करतात, हे मला तेव्हा कळलं. मला तर वाटलं होतं की आज जेवणच मिळणार नाही.

भाजी कडू होती, आपल्या कारल्यापेक्षा थोडी कमी. मी मान खाली घालून सगळी संपवली.

“कैसी है?”

“कडू.”

“हाँ,” आमा म्हणाल्या आणि आणखी एक डाव वाढला. “अब भूलेगा नहीं.”

सालाच्या झाडावरची नाव

निघायला तीन दिवस उरले. मी अंथरुणावर वही घेऊन बसायचो आणि पानाच्या वर लिहायचो : ‘नागपुरात येतील की नाही?’ खाली काहीच लिहवेना. नागपुरात शाल कधी निघते? दिवाळीनंतर. भाद्रपदात आपण घामाने ओलेचिंब असतो. पण वाळ्याचे पडदे? त्यांनी भाद्रपदातल्या रात्री थंड करता आल्या तर? मी त्या पडद्यांना धरून बसलो होतो. खरं म्हणजे नोकरीला धरून बसलो होतो.

आमांना मी सरळच सांगितलं की माझी जागा या फुलावर अवलंबून आहे. त्यांनी सांत्वन वगैरे केलं नाही. दाजूला म्हणाल्या, “कल इसको नीचे ले जा.”

दाजू मला तिस्तेच्या काठी घेऊन गेला. दोन तास उतरलो तसे एकेक कपडे काढत गेलो. खाली पोचेपर्यंत मी सदऱ्यावर होतो. तिथे साल नावाची उंच झाडं. एका झाडाच्या दुबेळक्यात गवताच्या भाऱ्यासारखं काहीतरी अडकलं होतं. पानं जाड, पट्ट्यासारखी, लांब.

“यह भी नाव है,” दाजू म्हणाला. “गरीब नाव. गरमी में रहती है, गरमी में ही फूलती है. छोटा फूल, लाल-भूरा, डंडी नीचे लटकती है. कोई नहीं खरीदता.”

“काहून?” माझ्या तोंडून आपोआप निघालं. दाजूला अर्थ बरोबर कळला.

“मेम नहीं बनी ना,” तो म्हणाला.

मुळासकट एक जुडी त्याने हलक्या हाताने काढली, बाकीचं झाड तसंच ठेवलं. आमांनी ती कोरड्या शेवाळात बांधून दिली आणि बजावलं की वाटेत पाणी घालायचं नाही. आपण कलमासाठी संत्र्याच्या डोळ्याच्या काड्या ओल्या पोत्यात गुंडाळून नेतो. माझा हात प्रत्येक स्टेशनवर तांब्याकडे जायचा आणि तोंडात ती कडू भाजी यायची. जुडी नागपूरला कोरडी पोचली, आणि जिवंत.

तांडापेठ

घरी आलो तेव्हा बाबा मागावर होते. पाय न थांबवता त्यांनी सगळं ऐकलं. मिरचीचं ऐकून आई हसता हसता पदराने डोळे पुसू लागली. “अन् तू गप बसला? नागपूरचं नाव घालवलं वं बाई यानं!” ती शेजारणीला ओरडून सांगू लागली.

मग बाबांनी विचारलं, “त्या मोठ्या फुलाले पाह्यजे तरी काय?”

“भादव्यात थंड रात्र. सर म्हणतात वाळ्याचे पडदे ओले ठेवले की होईल.”

माग थांबला.

“भादव्यात?” बाबा म्हणाले. “भादव्यात तर पाजणी वाळत नाही गा! सकाळी लावली खळ संध्याकाळलोक ओलीच राहते. तुले मालूम नाही काय, त्या महिन्यात आपला माग अर्धा दिवस बसून राहते? जिथं खळ वाळत नाही, तिथं तुया पडद्यातलं पाणी काहून वाळन? अन् पाणी वाळल्याबिगर थंडी कुठून येईन?”

पाजणी म्हणजे ताण्याच्या सुताला खळ लावून वाळवणं. ते मी जन्मापासून पाहत आलो आहे. बाष्पीभवनाने हवा थंड होते, दमट हवेत बाष्पीभवन होत नाही, हे मी परीक्षेत दोनदा लिहून गुण मिळवले होते. पण ते भाद्रपदातल्या वाळ्याच्या पडद्याला लागू पडतं, हे मला शाळेत न गेलेल्या बाबांनी सांगितलं. वैशाखात तो पडदा गारवा देतो, कारण तेव्हा हवा कोरडी असते. पण या फुलाची दांडी धरायची वेळ ती नसते.

त्या संध्याकाळी मी वहीत उत्तर लिहिलं. चार ओळी पुरल्या.

सरांनी त्या वाचल्या. खिडकीबाहेर जिथे काचघर व्हायचं होतं तिकडे पाहिलं.

“डिसेंबरात आपल्याकडेही पारा खाली जातो,” ते म्हणाले.

“जातो सर. पण उशिरा. दांडी भादव्यात धरते.”

“आणि पडदे?”

मी पाजणीचं सांगितलं. घरच्या कामाचं कॉलेजात सांगायला मला नेहमी संकोच वाटायचा. या वेळी नाही वाटला. पाच कुंड्यांचंही सांगितलं. लपवलं असतं तर बाकीच्यावर त्यांनी का विश्वास ठेवावा?

“काचघर नाही म्हणजे तुझी जागाही नाही,” सर म्हणाले. “कळतंय ना तुला?”

“कळतंय सर.”

त्यांनी टेबलावरचा काचघराचा नकाशा गुंडाळला. मग माझ्या पिशवीकडे बोट दाखवून म्हणाले, “त्यात काय आहे?”

आता

परत येऊन पाच महिने झाले. काचघर झालं नाही. मी दोन ठिकाणी अर्ज केले आहेत. अजून उत्तर नाही. पण कोणी नावेच्या फुलाबद्दल विचारलं तर मी आता चाचरत नाही. मोठं, मेम झालेलं फूल थंड डोंगरातच करावं, नागपूरने त्यामागे लागू नये. लहान, उन्हातलं, ज्याला कोणी विकत घेत नाही, ते आपण करून पाहावं, आणि संकर करायचाच तर त्यापासून सुरुवात करावी. एवढं मी खात्रीने सांगू शकतो.

ती जुडी कॉलेजच्या बागेतल्या आंब्याला, पूर्वेच्या अंगाला बांधली आहे. बांधायला बाबा स्वतः आले होते; मागावरच्या उरलेल्या सुताची वात करून त्यांनी आमच्या घरची गाठ मारली. सर बाजूला उभे राहून बघत होते. वैशाखात पानांची टोकं करपली, पण गड्डे घट्ट राहिले. दुपारी आम्ही ओलं पोतं बाजूला टांगत होतो. कोरड्या हवेत ते काम करतं, हे आता मला बाबांच्या भाषेत समजलेलं आहे.

काल सकाळी सरांनी मला बोलावून घेतलं. जुडीच्या खालून करंगळीएवढी पांढरी मुळं निघाली होती. टोकं हिरवी. आंब्याच्या सालीच्या भेगांत ती चिकटून बसली होती.

“सोड,” सर म्हणाले.

मी गाठीचं एक टोक ओढलं. सूत सुटून हातात आलं. आम्ही दोघेही जरा वाकून, हात पुढे करून उभे होतो, जुडी पडली तर झेलायला.

ती पडली नाही.